तिसऱ्या बरणीतला हिवाळा

कोणी विश्वास ठेवणार नाही, ठेवूही नये, पण एका माणसाने एकदा एक अख्खा हिवाळा ओतून तयार केला होता. साधनं म्हणाल तर एक पितळी चाळणी, मध्ये पडदी असलेला पत्र्याचा डबा, पाच रिकाम्या बरण्या आणि शिसपेन्सिलीचा एक तुकडा. वेळ लागला दुपारच्या चहापासून दिवे लागेपर्यंत. बाहेर खराखुरा हिवाळा चालू होता, वारा पिसाळलेला, बंदरातून लहान होड्या काढायला तीन आठवडे बंदी. आणि आत, संस्थेच्या तळघरातल्या खोलीत, हा गृहस्थ बाह्या सरसावून दुसरा हिवाळा बनवत बसला होता. सांगायला हरकत नाही, त्याचाच जास्त टिकला. बाहेरचा तीन महिन्यांत आटोपला. त्याचा अकरा वर्षं चालू आहे.

त्याला संस्थेत सगळे बंडलकाका म्हणत, अगदी त्याच्या तोंडावर, आणि तोही ओ देई. काम त्याचं असं की उपसागराच्या तळाचा चिखल होडीतून आणायचा, चाळायचा, चाळणीवर जे जीव उरतील ते बरणीत भरायचे, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक चिमट्याने उचलून, जातवार वेगळे करून मोजायचे. चौतीस वर्षं त्याने हेच केलं. तिळाएवढे शिंपले, दोऱ्यासारखे किडे, स्वतःच्या अंगाभोवती वाळूची नळी विणून तिच्यात राहणारे किडे, पाच हातांचे ठिसूळ तारे, नखाच्या चंद्राएवढे कुबडे कोळंबीसारखे काहीतरी. रंग चढावा म्हणून बरणीत गुलाबी औषध घालतात, ते त्याच्या नखांत असं मुरलं होतं की बायको म्हणायची, हौस भागवायची तर नीट नेलपॉलिश तरी लावा. काम मुकं आणि माणूस बोलका. समुद्रावर त्याने काय काय पाहिलं होतं विचारू नका. एकदा तळाचा चिखल उचलणाऱ्या लोखंडी जबड्यातून कोणाची तरी कवळी वर आली होती आणि ती होडीवर पडल्या पडल्या तांडेलाच्या अंगठ्याला चावली होती. अशा गोष्टी. पण साहेब, म्हणजे संस्थेचे प्रमुख, बाहेरच्या पाहुण्यांना त्याची ओळख करून देताना म्हणत, "याच्या तोंडावर जाऊ नका, याच्या आकड्यांवर जा. तोंड बंडल, हात खरा." पाहुणे हसत. तो सगळ्यात मोठ्याने हसे. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत ते वाक्य त्याला पदकासारखं वाटायचं. नंतर नंतर ते कानावर आलं की तळव्यांना घाम सुटे.

सोमवारी सकाळी तो तळघरात चहा पीत बसला होता. निवृत्तीला चार दिवस उरलेले. खोलीला एकच खिडकी, तीही छताला टेकलेली, तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. माणूस कोणता ते त्याने बुटांवरून ओळखायचं आणि त्याचा स्वभावही सांगून टाकायचा. दारात पांढरे कॅनव्हासचे बूट उभे राहिले. वर मान न करताच त्याने ओळखलं. गेल्या वर्षी लागलेली संशोधक मुलगी. कोणत्याही बैठकीत ही हात वर करून म्हणणार, "एक शंका आहे," म्हणून तिचं नाव शंकाताई पडलं होतं.

"काका, एक शंका आहे."

"एकच? बरं नाही का वाटत?"

"अकरा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्याच्या चारच बरण्या दिल्यात तुम्ही. एक, दोन, चार, पाच. तीन नंबर कुठेय?"

त्याने घोट घेतला आणि चहा उकळता होता हे त्याला घोट घेतल्यावर कळलं. जीभ भाजली. थुंकायची सोय नाही, गिळायची हिंमत नाही, समोर मुलगी उभी. डोळ्यांत पाणी आणून त्याने तो निखारा हळूहळू खाली जाऊ दिला.

"उंदरांनी नेली असेल," तो म्हणाला. "त्या वर्षीचे उंदीर तू पाहिले नाहीस. झाकणं फिरवून उघडायचे."

ती हसली. तिचं हसू हाही त्याचा एक छळ होता. ती त्याच्या गोष्टींना पोट धरून हसायची आणि त्याच्या बरण्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवायची. "उंदरांना सांगा, शुक्रवारच्या आत परत करा. सोमवारी उपसागर खणण्याबद्दलचं आपलं मत जातंय ना वर. गाळ उपसणारं जहाज यायला तीन आठवडे राहिलेत. सगळी भिस्त तुमच्या त्या चार ऋतूंवर आहे, काका. माझ्या पाच बरण्यांना कोण विचारतं?"

पांढरे बूट जिना चढून गेले. तो तसाच बसला, जिभेचा शेंडा दातांवर घासत. जीभ भाजली की तोंडात दुसऱ्याच कोणाची तरी जीभ असल्यासारखी वाटते, लोकरीची. पायाशी, टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात, फडक्यात गुंडाळलेली तीन नंबरची बरणी होती. महिनाभर होती. त्याचा गुडघा तिला लागला की आत स्पिरिट हलकंसं डचमळे आणि ते त्याला गुडघ्यातून ऐकू येई.

त्या हिवाळ्याचं मूळ म्हणजे एक शब्द. खरं तर तो शब्दही नीट नव्हता, तोंडात बिस्कीट होतं. तेव्हा साहेब चार ऋतूंचा मोठा अहवाल लिहीत होते. उपसागराच्या तळावर कोणत्या ऋतूत किती जाती, किती जीव, असा तो तक्ता. वसंत, ग्रीष्म, शरद, शिशिर अशी भारदस्त नावं चार रकान्यांवर. तिघांच्या बरण्या येऊन पडल्या होत्या. चौथा वाऱ्याने अडवून धरला होता. रोज सकाळी हा बंदरावर जायचा, लाल बावटा बघायचा, परत यायचा. तांडेल बहिणीकडे निघून गेलेला. आणि तिसऱ्या आठवड्यात, चहाच्या वेळी, साहेब जिन्यावरून उतरता उतरता न थांबता म्हणाले, "काय हो, हिवाळा झाला का?" आणि त्याच्या तोंडून बिस्किटाच्या भुग्यासकट निघून गेलं, "झालं."

का? अकरा वर्षं तो हे स्वतःला विचारत आला होता. भीती नव्हती, साहेब तसे खाऊ की गिळू करणारे नव्हते. आळसही नव्हता. त्याला वाटे, ती नुसती सवय होती. कोणी प्रश्न विचारला की समोरच्याच्या तोंडावर जे उजळेल ते बोलायचं, ही लहानपणापासूनची खोड. साहेबांचा चेहरा उजळला. "या वाऱ्यात?" ते थांबून म्हणाले. झालं. 'या वाऱ्यात' म्हटल्यावर तो कसला थांबतो! दुसऱ्याची होडी मागून घेतली, लाटा अशा की वरच्या लाटेवरून शहरातली घड्याळं दिसत होती, तिसऱ्या जागी दोर हातातून सुटता सुटता राहिला. दहा माणसं गोळा झाली. कोणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. आणि सगळे चहा संपवून वर गेल्यावर तो तळघरात आला, दाराला आतून कडी लावली, आणि त्याला कळलं की आता गोष्टीला साजेसा चिखल पाहिजे.

शरदाच्या पाचही बरण्या फडताळात होत्या, अजून न मोजलेल्या. सामान फार असलं की अर्ध्यावरून मोजायची त्यांच्याकडे रीतच आहे. त्यासाठीच तो डबा, मध्ये पडदी असलेला. बरणी ओतायची, डबा डोलवायचा, पडदीच्या दोन्ही बाजूंना जीव सारखे पसरतात. एक बाजू परत शरदाच्या बरणीत. दुसरी नव्या बरणीत, नवी चिठ्ठी, पेन्सिलीने, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते आणि पेन्सिल शंभर वर्षं हलत नाही. 'शिशिर, जागा १.' मग २. तिसरी बरणी ओतताना एक शिंपला त्याच्या बोटांत आला, अंगठ्याच्या नखाएवढा, आणि दाबला गेला. बिजागरी तुटली. एक झाकण इकडे पडलं की तिकडे, त्याने पाहिलं नाही. त्याला घाई होती. पाचव्या बरणीपाशी तो गुणगुणत होता, हे त्याला अजून आठवतं, आणि आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

मग मोजणी. ती त्याने प्रामाणिकपणे केली. हसू नका, केली. महिनाभर मान मोडून एकेक जीव उचलला, तुटक्या किड्यांची फक्त डोकी मोजली, शेपट्या नाहीत, कारण डोकं असेल तोच एक धरायचा असा नियम आहे. त्याच्या हातून आकडा चुकला नाही. शरद आणि शिशिर यांचे आकडे सख्ख्या जुळ्या भावांसारखे आले, ते येणारच होते, आणि साहेबांनी त्यांच्याकडे बघत अहवालात ते वाक्य लिहिलं: 'शरद व शिशिर या ऋतूंत तळाच्या जीवसृष्टीत लक्षणीय फरक आढळत नाही.' शेवटच्या पानावर आभार होते. 'प्रतिकूल हवामानात जिवावर उदार होऊन' असं म्हणून पुढे त्याचं नाव. जन्मात त्याचं नाव तेवढं एकदाच छापून आलं. बायकोने ते पान कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं, जिथे तिच्या साड्या असत. आणि त्यानंतर गेली अकरा वर्षं सकाळी कोणी कपाट उघडलं की हा दुसरीकडे बघे.

खरा हिवाळा त्याला ठाऊक होता. तरुणपणी त्याने पाहिला होता. शरदात तळाशी नुसती जत्रा असते. वरच्या पाण्यात वाहत आलेली लाखो पिल्लं एकदाची खाली टेकतात, चिखलात शिरतात, चाळणीवर तीळ सांडल्यासारखे शिंपले. आणि मग थंडी पडते, वारा तळ घुसळतो, खाणारे खातात, मरणारे मरतात, आणि हिवाळ्यात जबडा वर येतो तो राखाडी, गुळगुळीत, जवळजवळ रिकामा. चार हट्टी किडे. वसंतात त्या उरलेल्यांवरच सगळं पुन्हा उभं राहतं. म्हणजे तळ खणायचाच असेल तर हिवाळ्यात खणावा, हे कोणीही सांगेल. शरदात खणणं म्हणजे गजबजलेली शाळा पाडणं. पण अहवाल म्हणत होता, फरक नाही. आणि शरदात समुद्र शांत असतो, जहाजाला सोयीचं. मग शरदच ठरला. पुढची पाच वर्षं, दर शरदात, बंदराच्या तोंडापासून थेट आतपर्यंत.

त्याचं हे शास्त्र त्याला रात्रंदिवस छळत नसे, तसा तो जाड कातडीचा होता. छळायला लागलं गेल्या हिवाळ्यापासून. शंकाताई वारा नसलेला दिवस बघून होडी घेऊन गेली होती, पाच जागा, पाच बरण्या. संध्याकाळी खाली आली ती नाक लाल करून. बरण्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि म्हणाली, "काका, बघा."

पाची बरण्यांच्या तळाशी बोटभर काही नव्हतं.

"अकरा वर्षांपूर्वी इथे हजारांनी होते. तुमच्याच तक्त्यात आहे. काका, उपसागर मेला हो." आणि तिच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं. ती ते बाहीने पुसत होती, बाहीला चिखल होता.

मेला नाही गं, झोपलाय, दर हिवाळ्यात असाच झोपतो. एवढंच बोलायचं होतं. ओठांवर आलं होतं. पण तिने पुढे विचारलं असतं, मग तुमचा हिवाळा का जागा होता? म्हणून त्याने तिला उपसागराने एकदा मेल्याचं सोंग कसं घेतलं याची एक गोष्ट सांगितली, आणि ती डोळे पुसत हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिने 'उपसागराचा मृत्यू' असा निबंध लिहायला घेतला. तिच्या पायाखाली ही कुजकी फळी यानेच सरकवली होती आणि ती तिच्यावर उभी राहून घर बांधत होती.

ग्रीष्म सरता सरता तिने जुन्या बरण्या पुन्हा तपासायला मागितल्या. आधी शरदाच्या. त्याने दिल्या. आठवड्याने ती एक छोटी काचेची ताटली घेऊन आली. "हे बघा, गंमत. एकच झाकण आहे, आणि आत मांस चिकटलेलं. म्हणजे पकडला तेव्हा जिवंत होता. दुसरं झाकण कुठे गेलं?" त्या झाकणावर कडेपासून आत एक वाकडी रेघ होती, कधीतरी खेकड्याने कडा चावली असेल आणि शिंपल्याने ती जखम भरून काढत वाढ धरली असेल. "असे एकटे का येतात?" "संसारात होतं असं," तो म्हणाला. ती हसत गेली. आणि हा उठला, दाराला कडी लावली, अकरा वर्षांनंतर दुसऱ्यांदा, आणि शिशिराची तीन नंबरची बरणी उजेडात धरली. तळाशी, तिळांच्या ढिगात अर्धं रुतलेलं, दुसरं झाकण होतं. तीच वाकडी रेघ, त्याच जागी. शिंपल्याची दोन झाकणं एकमेकांनाच बसतात. बिजागरीचे दात कुलूपकिल्लीसारखे, जगातलं दुसरं कोणतंही झाकण तिथे बसत नाही. त्याने बरणी फडक्यात गुंडाळली आणि खालच्या खणात ठेवली, आणि त्या दिवसापासून त्याला त्या खोलीत श्वास पुरेनासा झाला. वाळूच्या नळीत राहणारा किडा असतो ना, तो लहान असताना नळी विणतो, मग वाढतो, मग नळी लांबवतो. त्याला बाहेर यायचं भान नसतं, बाहेर आला तर सोलल्यासारखा होतो. बरणीत टाकला की मरताना अर्धा बाहेर येतो. असे अर्धे बाहेर आलेले त्याने हजारो मोजले होते. त्यांची डोकी बाहेर असतात, मोजायला सोपी जातात.

शंकाताई सगळ्या जगावर शंका घ्यायची, ती त्याच्यावर घेत नव्हती. चार बरण्या पाहून एकदा ती म्हणालीसुद्धा, "काका, पिल्लं आकाराने शरदात जेवढी, तेवढीच हिवाळ्यात. तीन महिन्यांत वाढलीच नाहीत?" त्याने हातातला चिमटा खाली ठेवला. आता. आता पकड, बाई. पण तिने स्वतःच मान हलवली. "थंडीने वाढ खुंटली असेल. तुमच्या हातून चूक तर होणार नाही." आणि वहीत लिहून घेतलं.

त्याने सांगायचा प्रयत्न केला नाही असं कोणी म्हणू नये. मंगळवारी, लोकरीची जीभ घेऊन, तो वर गेला आणि तिच्या टेबलापाशी उभा राहिला. म्हणाला, "हे बघ, मी त्या हिवाळ्यात समुद्रावर गेलोच नाही. शरदाच्या बरण्या अर्ध्या ओतल्या आणि झाला हिवाळा." तिने वर पाहिलं, क्षणभर तिचा चेहरा कोरा होता, आणि मग ती अशी फुटली की शेजारच्या टेबलावरचे दोघे वळून बघायला लागले. "ऐका, ऐका, काकांनी डब्यात हिवाळा केला!" "दही लावतात तसा?" कोणीतरी विचारलं. "विरजण कशाचं घातलं, काका?" आणि तो, देवा, तोही हसला. त्याच्या तोंडाने त्याला न विचारता सांगून टाकलं की विरजण म्हणून उत्तर ध्रुवाचं चमचाभर पाणी घातलं होतं. टाळ्या पडल्या.

बुधवारी साहेबांकडे. दार लावून घेतलं, खुर्चीवर बसला, हात मांडीवर. सरळ सांगितलं, एकही शोभेचा शब्द न घालता. साहेब हसले. "जाता जाताही सोडत नाही तुम्ही!" पण हसताना त्यांच्या हातातलं पेन टेबलावर उभं होतं आणि ते हलत नव्हतं. अहवालावर पहिलं नाव त्यांचंच होतं. हसणं संपलं तरी ते त्याच्याकडे पाहत राहिले, मग खिडकीकडे, मग म्हणाले, "ही शुक्रवारी निरोपाला सांगा. किंवा नको, त्यापेक्षा ती जुनीच सांगा, लाटांची. लोकांना तीच आवडते." त्यांना कळलं की नाही हे त्याला कळलं नाही. जिन्यावर त्याला वाटलं, या इमारतीला सगळीकडे दारं आहेत आणि प्रत्येक दारावर हसू लावलंय, ढकललं की ते गुदगुल्या झाल्यासारखं हलतं आणि उघडत नाही.

गुरुवारी संध्याकाळी बायको गॅलरीत वाळलेल्या चादरी काढत होती. त्याने चादरीचं दुसरं टोक धरलं. घडी घालताना दोघं जवळ येतात, लांब जातात, पुन्हा जवळ येतात.

"अगं, त्या हिवाळ्याचं सांगायचंय."

"कोरडे घरी आला होतात," ती म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी. लाटांतून आलेला माणूस, आणि मोजे कोरडे. मी धुवायला घेतले ना." तिने टोक त्याच्या हातातून घेतलं. "तेव्हाच ओळखलं, काहीतरी आहे. काय ते नाही विचारलं."

"अकरा वर्षं? आणि ते पान कपाटात?"

"पानावर नाव तुमचंच आहे की." ती पुढची चादर झटकत होती. मग तिने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, बाजारात भाजी बघतात तसं, डाग कुठे आहे ते. "कोणाला सांगितलंत का?"

"सगळ्यांना. हसतात."

"हसणारच. तुमचं खरं ऐकायची सवय कोणाला आहे? अहो, तुम्ही खोटं बोलायला लागलात की बघा, माणसं श्वास रोखून एकेक शब्द ऐकतात." आणि उशांचे अभ्रे त्याच्या खांद्यावर टाकून ती आत गेली. तो अभ्र्यांसकट उभा राहिला. खाली रस्त्यावर लोक चालले होते, आज त्यांची डोकी दिसत होती, आणि त्याला ती ओळखता येत नव्हती.

शुक्रवारी सकाळी तो सगळ्यांच्या आधी आला. खालचा खण ओढला, फडकं सोडलं. बरणी वर शंकाताईच्या टेबलावर ठेवली, चिठ्ठी दिसेल अशी. 'शिशिर, जागा ३.' उंदरांनी परत केली, असं कागदाच्या कपट्यावर लिहून तिला चिकटवलं. जिन्याचा कठडा धरून खाली उतरला. चार वाजेपर्यंत त्याने खोली आवरली. आवरण्यासारखं काही नव्हतं. चिमटे पुसले, पुन्हा पुसले.

वरच्या सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या, केक होता, आणि भिंतीवरचं एक घड्याळ, जे थोड्या वेळाने त्याला मिळणार होतं आणि आत्तापासूनच टिकटिकत होतं. बायको पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरून. साहेब बोलले. तोंड बंडल, हात खरा, हे वाक्य आलं आणि टाळ्या पडल्या. तो दाराकडे बघत होता. भाषणं संपत आली तेव्हा शंकाताई आली, ॲप्रनसकट, बोटं गुलाबी, आणि मागच्या रांगेत टेकली. उजवी मूठ मिटलेली होती. चेहऱ्यावर तोच गोंधळ, त्याला पाठ झालेला, चांगल्या माणसाचा: कुणाला तरी माफ करायला ती कारण शोधत होती. ते त्याला इथून दिसत होतं. कपाटात बरण्यांची सरमिसळ झाली असेल. नंतर कोणीतरी उघडली असेल. चिठ्ठ्या बदलल्या असतील. अजून दोन मिनिटं, आणि तिला एक सापडलं असतं, आणि सोमवारी मत गेलं असतं.

"काका, लाटा! लाटा!" लोक ओरडले.

तो उभा राहिला. जिभेचा शेंडा दातांना लावून पाहिला. कातडी नवी आली होती, गुळगुळीत.

"तुम्हाला खरं वाटायचं नाही," त्याने सुरुवात केली, आणि खुर्च्या पुढे सरकल्या. मग त्याने ती गोष्ट सांगितली, जन्मात सांगितली नव्हती तशी. वारा असा की होडीवरच्या माणसाची सावली उडून गेली आणि मागाहून किनाऱ्यावर सापडली. लाट आली ती खिडक्या असल्यासारखी, तिच्या आतून मासे यांच्याकडे बघत चाललेले. पहिली जागा झाली, दुसरी झाली. साहेब डोळे मिटून हसत होते, सुटल्यासारखे. "आणि तिसऱ्या जागी," तो म्हणाला, आणि आवाज खाली आणला, इतका की घड्याळ ऐकू आलं, "जबडा वर आला. चिखलात एकच शिंपला, अंगठ्याच्या नखाएवढा, जिवंत. खेकड्याने कधीतरी चावलेला, अंगावर वाकडी रेघ. मी असा हातात घेतला. तेवढ्यात लाट आली आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचं एक झाकण उडवून घेऊन गेली. एकच! दुसरं माझ्या हातात. गेलं ते समुद्रात, आजही तिथेच तळाला असेल, जोडीदाराची वाट बघत."

हशा पिकला. त्याने हात वर करून तो थांबवला. तो मागच्या रांगेकडे बघत होता आणि फक्त तिच्याशी बोलत होता.

"हातातलं झाकण मी स्वतः बरणीत टाकलं. तिथेच, होडीवर. चिठ्ठी मी लिहिली, बरणीचं झाकण मी लावलं, मेणाने बंद मी केलं. आणि त्यानंतर आज सकाळपर्यंत त्या बरणीला माझ्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही. सरमिसळ नाही, अदलाबदल नाही. कोणाचीही शपथ घ्यायला सांगा."

पहिल्या रांगेत बायकोने पर्सचा चाप उघडला आणि मिटला. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"एक शंका आहे."

"आज नको गं!" कोणीतरी ओरडलं, आणि पुन्हा हसू आलं, पण ती बसली नाही. ती खुर्च्यांच्या मधल्या वाटेने पुढे येत होती, पांढरे बूट, मूठ छातीशी. साहेब म्हणाले, "अहो बाई, गोष्ट आहे ती, चालू द्या." तिने ते ऐकलं नाही. ती त्याच्यापासून दोन हातांवर थांबली. तिचे ओठ पांढरे पडले होते. त्याला वाटलं, आता हिच्या डोळ्यांत पाणी येईल, आणि मग हिला माझी दया येईल, आणि मग सगळं पुन्हा संपेल.

"ते झाकण समुद्रात नाही," ती म्हणाली. "ते माझ्याकडे होतं. शरदाच्या तिसऱ्या बरणीत. तीन महिने आधीच्या."

तिने मूठ उघडली. दोन झाकणं चिमटीत धरून एकमेकांवर टेकवली. दात दातांत बसले, रेघ रेघेला मिळाली, आणि एवढ्या मोठ्या सभागृहात नखाएवढा टक्क असा आवाज झाला.

"काका, तुम्ही खोटं बोलताय. त्या हिवाळ्यात तुम्ही समुद्रावर गेलाच नव्हतात."